घोळची भोत, जिताड्याचे बाईपण आणि बोंबलातले पाणी

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका बोटीच्या जाळ्यात एकाच खेपेला सुमारे दीडशे घोळ मासे सापडले आणि त्यांचा लिलाव सव्वा कोटी रुपयांच्या वर गेला. वर्तमानपत्रांनी ही बातमी नशीब फळफळल्याची बातमी म्हणून छापली. नशिबाचा भाग त्यात होताच. परंतु व्यापाऱ्यांनी एवढी रक्कम मोजली ती माशाच्या मांसासाठी नव्हे, त्याच्या पोटातील एका पिशवीसाठी. ही पिशवी म्हणजे भोत. काही बंदरांवर तिला बोत असेही म्हणतात.

आमच्या वाचकांपैकी अनेकांचा मासळीच्या धंद्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून वरच्या बंदरांपर्यंत बोटमालक, तांडेल, दलाल, बर्फवाले, सुक्या मासळीचे व्यापारी आपल्या समाजात मोठ्या संख्येने आहेत. त्यांना मासा कसा पकडावा हे आम्ही सांगायची गरज नाही. पण ज्या मालावर आपला संसार चालतो, तो माल जिवंत असताना काय करतो, कसा वाढतो, केव्हा नर असतो आणि केव्हा मादी, याची माहिती बाजारात फारशी चर्चेला येत नाही. कापडवाला कापसाची जात विचारतो, आंबेवाला कलमाचे वय विचारतो. मासळीवाल्याने एवढेच का मागे राहावे? म्हणून आज भावाचा तक्ता बाजूला ठेवून आम्ही माशांच्या अंगच्या काही गोष्टी सांगणार आहोत. त्या नवलाच्या आहेतच, शिवाय हिशेबाच्याही आहेत.

प्रथम भोत. पाण्यात मासा बुडतही नाही आणि वर तरंगतही नाही, हवा त्या खोलीवर स्थिर राहतो. हे साधते ते पाठीच्या कण्याखाली असलेल्या हवेच्या पिशवीमुळे. रक्तातील वायू या पिशवीत कमीजास्त सोडून मासा आपले वजन पाण्याशी जुळवून घेतो. खोल पाण्यातला मासा जाळ्यातून झपाट्याने वर ओढला तर पाण्याचा दाब कमी होतो, पिशवी फुगते आणि कधीकधी जठर उलटून तोंडातून बाहेर येते. बंदरावर असे मासे सर्वांनी पाहिले असतील. तो रोग नव्हे, दाबाचा परिणाम आहे.

सगळ्याच माशांना ही सोय नसते. सुरमईला भोत नाही. सुरमई सतत पोहत राहते. पोहणे थांबले तर ती खाली जाऊ लागते. मोरी-मुशी या वर्गातल्या माशांनाही भोत नाही, हाडेही नाहीत; त्यांचा सारा सांगाडा कुर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचिक पदार्थाचा. पाण्यात हलके राहण्यासाठी त्यांना तेलाने भरलेले मोठे यकृत उपयोगी पडते. मोरीच्या यकृताचे तेल पूर्वी लाकडी होड्यांना चोपडत, औषधालाही वापरत, ते याच कारणाने एवढ्या प्रमाणात निघत असे. मोरीच्या परांची निर्यात मात्र आपल्या सरकारने फेब्रुवारी २०१५ पासून पूर्णपणे बंद केली आहे, हे त्या व्यापारात असलेल्यांना ठाऊक आहेच.

घोळ, कोठ, धोमा ही मंडळी एकाच कुळातली. या कुळाची भोत जाड आणि चिवट असते आणि तिला आणखी एक काम असते. भोतीच्या दोन्ही बाजूंना खास स्नायू असतात. ते भराभर आकुंचन पावले की भोत ढोलाच्या कातड्यासारखी घुमते. विणीच्या काळात नर असा आवाज काढून माद्यांना जवळ करतात. बहुतेक जातींत हे स्नायू फक्त नरालाच असतात, काही जातींत मादीलाही असतात. हजारो मासे एके ठिकाणी जमले की हा आवाज पाण्यात दूरवर जातो. मलेशियाचे मच्छीमार पूर्वी पाण्यात डोके घालून हा आवाज ऐकत आणि कळप कोणत्या बाजूला आहे ते सांगत.

वाळवलेली भोत हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनच्या बाजारात जाते. तेथे तिचे सूप करतात, बाळंतिणीला देतात, लग्नात आणि सणाला भेट देतात; काही लोक तर सोन्यासारखी घरात साठवून ठेवतात. भोत ही बहुतांशी कोलॅजन या प्रथिनाची बनलेली असते. औषध म्हणून तिचे जे गुण सांगितले जातात त्यांतले बरेचसे परंपरेने चालत आलेले आहेत, असे आमचे मत आहे. पण बाजार मतावर चालत नाही, मागणीवर चालतो. आणि हा व्यापार आजचा नव्हे. एकोणिसाव्या शतकातही मुंबई बंदरातून चीनकडे माशांच्या भोती आणि मोरीचे पर जात असत.

याच ठिकाणी आमच्या वाचकांनी थोडे थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते, कारण घोळच्या भावंडांचे पुढे काय झाले ते जगाने पाहिले आहे. चीनच्या किनाऱ्यावर पिवळा धोमा विपुल होता. १९५० च्या दशकात तेथे एक पद्धत पसरली. अनेक लहान होड्या गोलाकार उभ्या करून त्यांच्यावरील लाकडे एकदम बडवायची. या कुळाच्या माशांच्या डोक्यात कानाचे दगड मोठे असतात. त्या दणक्याने लहानमोठे सर्व मासे बधिर होऊन वर येत. मासा असा मुबलक मिळाला, आणि काही वर्षांतच इतका घटला की सरकारला ही पद्धत बंद करावी लागली. चीनमध्येच बहाबा नावाचा याच कुळातील मोठा मासा होता. त्याच्या भोतीला सोन्याशी तोलले जाई. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे.

मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातात टोटोआबा नावाचा असाच मासा आहे. त्याच्या मासेमारीवर तेथील सरकारने १९७५ साली बंदी घातली. पण चिनी बाजारात भोतीचा भाव चढत गेला आणि चोरटी मासेमारी चालूच राहिली. टोटोआबासाठी लावलेल्या जाळ्यांत वाकिटा नावाची लहान डॉल्फिनसारखी जात अडकून मरत गेली. आज जगात वाकिटा दहाच्या आसपास उरल्या आहेत. मागणी एका देशाची, भोत दुसऱ्याची आणि मेला तिसराच!

आपला घोळही विणीच्या वेळी झुंडीने जमतो. दीडशे मासे एका खेपेला मिळतात ते म्हणूनच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला केप यॉर्क येथे नेमकी हीच जात मिळते. तेथील झुंडीवर सतत गळ टाकले गेले आणि २००० सालच्या सुमारास असे दिसले की हाती येणारे जवळजवळ सर्व मासे अद्याप वयातच न आलेले आहेत. मोठा घोळ संपला होता. तेव्हा तेथील इंजिनू या आदिवासी वस्तीने कोणाच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःच दोन वर्षे हा मासा न पकडण्याचे ठरवले. गुजरात सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घोळला राज्य मासा म्हणून मान दिला. मान चांगला आहे, पण मानाने अंडी वाढत नाहीत.

कोलॅजनचा विषय निघालाच आहे तर एक धंद्याची गोष्ट येथेच सांगून टाकतो. कोलॅजन शिजवून जिलेटिन होते. औषधाच्या कॅप्सूल, जेली, मिठाई यांत ते लागते. ते डुकराचे की गाईगुरांचे, आणि असल्यास कसे कापलेले, हा प्रश्न मुस्लिम ग्राहकाला नेहमी पडतो. माशाची कातडी आणि हाडे यांपासूनही जिलेटिन निघते, आणि तेथे हा प्रश्न उरत नाही. थंड समुद्रातील माशांचे जिलेटिन लवकर वितळते. उष्ण प्रदेशातील माशांचे त्या मानाने चांगले जमते, कारण ज्या पाण्यात मासा राहतो त्याच्या तापमानाप्रमाणे त्याचे कोलॅजन घडलेले असते. आपल्याकडे मासळी कापणाऱ्या कारखान्यांत कातडी आणि हाडे ढिगाने निघतात आणि बहुतेक खतात किंवा कुटीत जातात. आपल्या तरुण उद्योजकांनी या बाजूला पाहावे.

आता जिताडा. रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण, अलिबाग, उरण भागात, जिताड्याचा मान काय सांगावा! कोणाचे सरकारी काम अडले की जिताडा पाठवावा, अशी थट्टा तिकडे चालते. या जिताड्याची खरी गंमत मात्र वेगळी आहे. बहुतेक जिताडे नर म्हणून वयात येतात आणि पुढे मादी होतात. दोन-तीन किलोपर्यंतचा मासा बहुधा नर असतो. पाच-सहा किलोच्या पुढचे बहुतेक मासे माद्या असतात. तोच मासा आधी बाप होतो आणि काही वर्षांनी आई होतो.

असे का? मोठ्या शरीरात जास्त अंडी मावतात, हे त्याचे साधे उत्तर. मोठ्या जिताडीच्या पोटात एक कोटीहूनही अधिक अंडी असू शकतात. नराला तेवढ्या देहाची गरज नसते. तेव्हा लहानपणी नर आणि मोठेपणी मादी हा निसर्गाचा हिशेब व्यापारी हिशेबाइतकाच पक्का आहे. आपल्या लाडक्या रावसाचीही हीच तऱ्हा आहे.

पण यातून एक अवघड गोष्ट निघते. खाडीतला प्रत्येक मोठा जिताडा आपण काढला, तर आपण नर-मादी समान काढत नाही. आपण फक्त माद्या काढतो. लहान सोडून मोठा पकडा, हा सर्वसाधारण नियम चांगला आहे. पण जिताड्याच्या बाबतीत तो एकटा पुरत नाही. थोडे लहानही राहिले पाहिजेत आणि थोडे मोठेही.

आखातात राहून आलेल्या वाचकांना हमूर माहीत आहे. दुबई, कुवेत, दोहा येथे शुक्रवारच्या जेवणाला हमूर हवाच. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या भाईबंदांना हेकरू किंवा गोब्रा म्हणतात. याचे गणित जिताड्याच्या अगदी उलट. हमूर आधी मादी असतो आणि वाढल्यावर नर होतो. हे मासे खडकाच्या कपारीत राहतात, सावकाश वाढतात आणि बरीच वर्षे जगतात. मोठे हमूर संपले की नर संपतात आणि माद्यांची अंडी वाया जातात. अबुधाबीच्या पर्यावरण खात्याने हमूरचा साठा वाजवीपेक्षा फार जास्त उपसला गेल्याचे जाहीर केले आहे आणि तेथे आता त्यावर निर्बंध आहेत. आपल्याकडे हेकरू जाळ्यात आला की लहान असो वा मोठा, टोपलीत जातो.

माशाचे वय कसे कळते, असे कोणी विचारील. झाडाच्या खोडात जशी वलये असतात तशी माशाच्या कानातील दगडात असतात. धोम्याचे डोके खाताना दाताखाली जे दोन पांढरे खडे येतात तेच हे दगड. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की वलये मोजता येतात. पिल्लांमध्ये तर रोजचे एक वलय असते, म्हणजे त्यांचे वय दिवसांत सांगता येते. ज्याची आपण ताटाच्या कडेला रास करतो, ती त्या माशाची जन्मपत्रिका असते!

जिताड्याच्या शेतीबद्दल आमच्याकडे नेहमी विचारणा होते म्हणून दोन शब्द. आपल्या देशात कृत्रिम रीतीने जिताड्याची पिल्ले तयार करण्यात पहिले यश चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संशोधन संस्थेला १९९७ साली मिळाले. तामिळनाडूतील राजीव गांधी जलचर संशोधन केंद्राची उबवणीही बीज पुरवते. हा मासा खाऱ्या, निमखाऱ्या आणि गोड्या, तिन्ही पाण्यांत वाढतो. अंडी घालायला मात्र त्याला खाडीच्या तोंडाशी खारे पाणी लागते. खाजणातील बंदिस्त तळ्यात म्हणूनच तो वाढेल, पण वंश वाढवणार नाही. बीज दर वेळी बाहेरूनच आणावे लागेल. दुसरी गोष्ट म्हणजे जिताडा आपल्याच भावंडांना खातो. स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठे पिल्लू तो सहज गिळतो. बीज टाकल्यावर पहिले काही आठवडे दर चार-सहा दिवसांनी पिल्ले आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात. हे काम ज्याच्याकडून होणार नाही त्याने या धंद्यात पैसा घालू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. हजार पिल्लांची दोनशे झाली आणि दोष बीजाला दिला, असे प्रकार त्यामुळेच घडतात.

बोंबलाकडे वळू. त्याच्या अंगात शेकडा ८५ ते ९० भाग पाणी असते. दिसायला हा मऊ, बिचारा मासा. पण तोंड उघडून पाहावे, आत वळलेल्या सुईसारख्या दातांच्या रांगा दिसतील. बोंबील पक्का शिकारी आहे. कोळीम, लहान मासे आणि प्रसंगी लहान बोंबीलही तो खातो. त्याचा प्रदेशही मोठा विचित्र आहे. खंबायतच्या आखातापासून रत्नागिरीपर्यंत तो विपुल, त्याच्या दक्षिणेला जवळजवळ नाही, आणि मग आंध्र-बंगालच्या बाजूला पुन्हा हजर. भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात तो वाहत फिरतो, म्हणून प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेले डोल जाळे त्याच्यासाठी उत्तम.

सुकवणाऱ्यांसाठी हिशेब असा. शंभर किलो ताज्या बोंबलात पाणी वगळता बारा किलोच्या आसपास माल असतो. वाळलेल्या बोंबलात पाचवा हिस्सा पाणी राहते असे धरले तर शंभर किलोचे पंधरा किलो होतात. याहून जास्त वजन भरत असेल तर बोंबील ओला आहे आणि पोत्यात बुरशी धरणार. १९९७ साली युरोपीय देशांनी भारतातील सुक्या बोंबलाची आयात थांबवली. उघड्यावर सुकवलेला माल त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रांच्या नियमात बसत नव्हता. इंग्लंडमधील शौकिनांनी त्याविरुद्ध मोहीमच चालवली. पुढे मान्यताप्राप्त केंद्रात बांधणी करण्याच्या अटीवर हा मार्ग पुन्हा मोकळा झाला. बोंबील तोच, वलांडीही तीच. फक्त पुडक्यावरचा शिक्का बदलला.

बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्याबद्दल एक गोष्ट दुकानदाराने पाठ करून ठेवावी. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा बर्फाविना राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. लोक म्हणतात बांगडा बाधला. खरे पाहता बांगडा बाधलेला नसतो, ऊन बाधलेले असते. आणि हे हिस्टामिन एकदा तयार झाले की शिजवून, तळून, खारवून किंवा गोठवूनही जात नाही. संध्याकाळी बर्फ टाकून सकाळची हयगय भरून निघत नाही. आपल्या हवेत जेवढे वजन मासळीचे तेवढेच बर्फाचे, हे प्रमाण बोटीवरच पाळले गेले पाहिजे. बर्फात वाचवलेला पैसा ग्राहक गमावण्यात जातो.

शेवटी पापलेट, कारण आजचा खरा तंटा त्याच्यावरूनच आहे. महाराष्ट्राने २०२३ साली चंदेरी पापलेटला राज्य मासा ठरवले. हा मासा आपल्या घशात एक दुसरी चक्की बाळगतो. कल्ल्यांच्या मागे अन्ननलिकेला दातेरी पिशव्या असतात. त्यांत तो पाण्यातील बारीक जीव आणि लिबलिबीत जेलीफिशही रगडून खातो. ज्या जेलीफिशने जाळी भरली की आपण वैतागतो, ती पापलेटची न्याहारी आहे.

पापलेटची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होते. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दुपटीने वाढतात. दोन गुणिले दोन गुणिले दोन. दहा सेंटिमीटरचे पिल्लू वीस सेंटिमीटरचे होईपर्यंत समुद्रात राहिले तर आठपट वजन देते, आणि मोठ्या पापलेटचा किलोचा दर लहानाच्या कितीतरी पट असतो, ते वेगळेच. वाटेत काही पिल्ले मरतील, इतर मासे खातील, हे मान्य. तरीही आज टोपलीभर पिल्ले विकणारा आपलीच ठेव मुदतीपूर्वी मोडतो आहे.

२०२३ मध्येच राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. १३५ मिलिमीटर म्हणजे साध्या बॉलपेनहूनही कमी. ही काही फार मोठी मागणी नव्हे. मच्छीमारांची बाजूही आम्हाला ठाऊक आहे. जाळ्यात आलेले पिल्लू वर येईपर्यंत मेलेले असते, ते परत टाकून कोणाचे भले होणार, असे ते विचारतात. प्रश्न बरोबर आहे आणि म्हणूनच उत्तर बंदरावर नाही, जाळ्याच्या आसात आहे. आस मोठा असेल तर पिल्लू जाळ्यातून निसटेल. पण लहान आसाचे जाळे पाण्यात राहते, कारण त्यातून येणारे पिल्लू कोणी ना कोणी विकत घेतो. मोठा दलाल कुटीच्या कारखान्याला देतो, फेरीवाली वाटा लावून विकते, आणि आपण स्वस्त मिळाले म्हणून घरी आणतो. ज्या दलालांनी पिल्लांची टोपली लिलावात मांडायचीच नाही असे ठरवले, त्यांच्या बोटमालकांना जाळी बदलण्याचा विचार करावा लागेल. बॉलपेन तर प्रत्येक दलालाच्या खिशाला असतेच.